सूर्याच्या वाऱ्याचं गिरान

मी शाळेत विज्ञान शिकवते आणि मी पक्की घाबरट आहे. या दोन गोष्टी एका अंगात नांदत नाहीत असं लोकांना वाटतं. त्यांनी आमच्या घरी येऊन बघावं. पाल दिसली की मी पलंगावर चढते, वीज कडाडली की उशीत तोंड खुपसते, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर विजेची आकृती काढून पोरांना सांगते, यात भिण्यासारखं काही नसतं. पोरं बेरकी. ती एकमेकांकडे बघून हसतात.

पण पालीची आणि विजेची भीती रोजची. तिचं काही वाटत नाही. आता सांगतेय ती भीती एकदाच आली, आणि ती आभाळातून आली की माझ्या पोटातून, हे मला अजूनही धड सांगता येत नाही.

त्या वर्षी हिवाळ्यात नववीचा वर्ग अर्धा रिकामा होता. आमचा पाथर्डी तालुका. दिवाळी झाली की माणसं ऊसतोडीला जातात, आणि मागं सांभाळायला कुणी नसेल तर पोरंही बरोबर जातात. उरलेल्यांना पुढचा धडा शिकवला तर गेलेली मागं पडणार, म्हणून मी पुस्तक बाजूला ठेवून मला आवडणारं काहीतरी काढायचे. असाच एकदा सौरवारा काढला. खो-खोचं मैदान आखायची फक्की घेतली. झेंड्याचा खांब म्हणजे सूर्य. तिथून एका पावलावर फक्कीचा ठिपका, ती आपली पृथ्वी. मग गुरू, शनी असं करत शेवटचा ग्रह मैदानाच्या मध्यावर कुठंतरी आला. पोरांना वाटलं, संपलं. मी म्हटलं, संपलं कुठं, चला. कुंपणाच्या फटीतून बाहेर पडलो, कोरडा नाला ओलांडला आणि पलीकडच्या बाभळीपाशी थांबलो. मी म्हटलं, सूर्याचा वारा इथपर्यंत येतो.

मग त्यांना सांगितलं. सूर्य नुसता उजेड देत नाही. त्याच्या अंगातून विजेनं भारलेले बारीक कण सतत सुटत असतात, चहूबाजूंनी, एका सेकंदाला शेकडो किलोमीटर. हा सौरवारा ग्रहांना ओलांडून पुढं जातो, विरळ होत जातो, आणि खूप लांब एका जागी त्याचा जोर संपतो. ताऱ्यांच्या मधल्या पोकळीतही थोडा वायू असतोच, तो बाहेरून रेटत असतो. दोघांचा रेटा जिथं सारखा होतो, ती आपल्या सूर्याची सीमा. म्हणजे सूर्यानं स्वतःच्या वाऱ्यानं फुगवलेला एक भला मोठा फुगा आहे आणि आपण सगळे त्याच्या आत राहतो. बाहेर, कधीकाळी फुटलेल्या ताऱ्यांकडून आलेले जबर ताकदीचे किरण फिरत असतात. त्यातले पुष्कळसे हा फुगा अडवतो. फार वर्षांपूर्वी सोडलेली दोन यानं तेवढी ही सीमा ओलांडून गेलीत. सीमा ओलांडली तसे त्यांच्या यंत्रांना सूर्याचे कण एकाएकी दिसेनासे झाले आणि बाहेरचे किरण वाढले.

एवढं सांगून मी मागं वळून बघितलं. खांब दिसत होता. पृथ्वीचा ठिपका काही दिसेना. माझ्या पोटात कसंतरीच झालं आणि मी बाभळीला हात लावणार होते, काट्यांची आठवण झाली म्हणून राहिले. "बाई, चक्कर येतीय का?" एका मुलीनं विचारलं. मी नाही म्हटलं. मला तेव्हा तिसरा महिना होता आणि शाळेत कुणाला सांगितलेलं नव्हतं. आधीचं एक पाचव्या महिन्यात गेलं होतं, त्यामुळे यावेळी मी कुणाला काही सांगायलाच भीत होते.

आता घरातली माणसं सांगते. माणसं म्हणजे दोनच, नवरा आणि आत्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. सासरे मी लग्न होऊन यायच्या आधीच गेले. आत्यांनी उमेदीची सगळी वर्षं ऊस तोडला. मुलगा प्राथमिक शाळेत शिक्षक झाला तेव्हा कुठं त्यांनी कोयता ठेवला. बाई काटक, तोंडानं फटकळ, आणि माझ्या उलट, कशालाही न भिणारी. विंचू चपलेनं मारून परत भाकरी थापायला बसतात. फक्त एका गोष्टीचं नाव काढलं की त्यांचा चेहरा बदलायचा, ती म्हणजे ग्रहण. त्या गिरान म्हणतात.

त्याचं कारण नवऱ्याच्या तोंडावर होतं. जन्मतः त्याचा वरचा ओठ फाटलेला होता. लहानपणीच नगरच्या दवाखान्यात शिवला. आता मिशीखाली पुसटशी रेघ दिसते, एवढंच. पण गावात सगळ्यांना ठाऊक की गरोदर बाईनं ग्रहणात काही कापलं की लेकराचा ओठ कापला जातो. सगळ्यांना ठाऊक असणाऱ्या गोष्टी मला वर्गात रोज खोडायला लागतात, ही एक घरातली. मी लग्नानंतर एकदा फाडफाड बोलून गेले, आत्या, असं काही नसतं. त्या शेळीला पाणी दाखवायला उठून गेल्या. नवरा म्हणाला, हा विषय तेवढा सोड. मी सोडला.

वैशाख आला. मला आठवा लागला होता. शाळेला सुट्टी, निवडणूक तोंडावर आलेली. माझं नाव पोटामुळे कामातून वगळलं, नवऱ्याचं राहिलं, आणि तो निवडणुकीच्या कामाला नगरला गेला. अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझे चुलत दीर आले. त्यांची जीप आहे, पाथर्डीच्या फेऱ्या मारतात, आणि जगातली प्रत्येक बातमी त्यांच्या मोबाईलवर आधी येते. "वहिनी, बघितलं का? सूर्यावर वादळ झालंय." त्यांनी लडाखचं आभाळ दाखवलं, लालभडक. खाली कुणा शहाण्यानं लिहिलेलं, सूर्याची विषारी किरणं पृथ्वीवर आदळत आहेत, मोबाईल बंद ठेवा, गरोदर महिलांनी बाहेर पडू नये.

आत्या चुलीपुढून उठून आल्या. "खरं हाय का गं हे?"

"वादळ खरं आहे, आत्या. पण..."

माझा "पण" तिथंच राहिला. त्यांनी पुढचं ऐकलंच नाही. घरातली विज्ञानाची बाईच खरं म्हणतेय म्हटल्यावर त्यांना आणखी काय पाहिजे होतं. विळी कणगीच्या मागं गेली, सुरी गेली, कात्री गेली. माझं नखं कापायचं यंत्र त्यांनी फडक्यात गुंडाळून शेळीच्या गोठ्यात नेऊन ठेवलं. दोन्ही मोबाईल बंद करून बाजरीच्या पिठाच्या डब्यात पुरले. दीर हसले, मग आत्यांनी बघितलं तसे जीप घेऊन निघून गेले.

मी भांडले नाही असं नाही. सांगितलं की हे ग्रहण नव्हे. सूर्याचा वारा रोजच येतो, कधी एखादा मोठा झोत येतो, आपल्या पृथ्वीला चुंबकाची ताकद आहे आणि वर हवेची गोधडी आहे, जमिनीवरच्या माणसाला काही होत नाही. आत्या ऐकून घेत होत्या आणि खिडकीला पोतं लावत होत्या. लावून झाल्यावर म्हणाल्या, "समदं तुझं खरं. पर बस. माझ्यासाठी बस."

आणि मी बसले. लोक म्हणतील सासूच्या धाकानं. तसं काही नव्हतं. मी बसले कारण मी भ्यायलेली होते. मागच्या वेळी मी सगळं शास्त्राप्रमाणे केलं होतं, गोळ्या, तपासण्या, दूध, फळं, आणि तरी ते गेलं. डॉक्टर म्हणाले, काही वेळा कारण सापडत नाही. कारण सापडत नाही हे वाक्य फार वाईट असतं. त्यानंतर माणूस कशालाही कारण मानायला तयार होतो. यावेळी कुणी मला उलटं टांगून घे म्हटलं असतं तरी मी विचार केला असता. पोतं लावलेल्या खोलीत भिंतीला टेकून मी बसले आणि मला, खरं सांगते, बरं वाटलं.

ग्रहणाचे नियम आत्यांनी सगळे लावले. काही खायचं नाही. तुळशीचं पान टाकलेलं पाणी, तेही घोट घोट. आडवं व्हायचं नाही, अंग खाजवायचं नाही, हातपाय दुमडायचे नाहीत. बाहेर ऊन असं की पत्रा कडकड वाजत होता. पोतं लावल्यामुळे वारा बंद. आत्या दाराशी बसून पदरानं मला वारा घालत होत्या. त्याही काही खात नव्हत्या.

दिवस कलायला लागला तशी त्यांनी विचारलं, "सुटायचं कवा गं? मोक्ष किती वाजता?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ग्रहणाला पंचांग असतं. कधी लागणार, कधी सुटणार हे आधी छापून येतं. सुटलं की दान मागणारे दारावर ओरडत येतात, बायका अंघोळी करतात, मोकळं होतं. याला काय होतं? मी म्हटलं, "याला मोक्ष नसतो, आत्या. झोत ओसरतो, पण कधी ते कुणी नक्की सांगत नाही. आणि वारा तर थांबतच नाही. सूर्य आहे तोवर तो सुटलेलाच."

त्यांचा पदर थांबला. मग मला त्यांना सगळं सांगायलाच लागलं. तांब्या घेतला आणि फरशीवर उंचावरून बारीक धार धरली. धार पडते तिथून पाणी पातळ होऊन झरझर पसरतं आणि जरा लांब गेलं की त्याचा जोर मोडून गोल उंचवटा धरतं. "हा बघा. सूर्याचा वारा असाच जातो आणि तिथं अडतो."

"टँकरचं पानी हाय ते," आत्या म्हणाल्या. पण बघत होत्या. "म्हंजी हा बांध."

"हो, बांधच."

"आन् बांधाच्या पल्याड कोनाचं रान?"

"कुणाचंच नाही."

"कोनाचं तरी असतंयच," त्या म्हणाल्या आणि फडक्यानं फरशी पुसली. मग हळूच विचारलं, "तिथं हितल्यापरीस वाईट हाय का?" मी हो म्हटलं. इथला वारा आपल्याला त्याच्यापासून राखतो, असंही सांगितलं. ते त्यांना पटलं की नाही कळलं नाही. मला मात्र ते बोलताना बाभळीपाशी झालं होतं तसंच झालं. अंधाऱ्या खोलीत बसून त्या जागेची आठवण काढू नये. मला वाटलं, आपण किती आत आहोत, आणि हे आत असणं किती पातळ आहे. तांब्यातल्या पाण्याएवढं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यांनी दाराच्या फटीतून सूर्याकडे बघितलं आणि अजून सुटलं नाही असं ठरवलं. तोंड कोरडं पडलं होतं, डोकं जड झालं होतं. भिंतीला टेकून मी पोटावर हात ठेवला, रोजच्या सवयीनं. आणि तेव्हा ध्यानात आलं की बाळ हलत नाहीये.

मी आठवायला लागले, शेवटचं कधी हललं. आठवेना. काल पोतं लावताना एक लाथ बसली होती, ती नक्की. नंतर? पाणी सांडलं तेव्हा? तेव्हा मी बोलत होते, लक्ष नव्हतं. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, आता लाथा मोजत जा, कमी वाटल्या तर लगेच ये. आणि मी अठराशे कोटी किलोमीटर लांबच्या बांधावर व्याख्यान देत बसले होते. मी नियम मोडून डाव्या कुशीवर झाले. पोट दाबलं. एका बाजूनं दाबलं, दुसऱ्या बाजूनं दाबलं. घटाघटा पाणी प्यायले. काही नाही. माझ्याच काळजाचे ठोके पोटात लागत होते आणि मी क्षणभर फसत होते.

त्या सीमेपलीकडच्या दोन यानांपैकी एक त्याच हिवाळ्यात बिघडलं होतं. कित्येक महिने ते नुसतं निरर्थक काहीतरी पाठवत राहिलं, आणि इकडची माणसं ते ऐकत बसली होती. पुढं ते दुरुस्त झालं. पोरांना ते सांगताना मी म्हटलं होतं, आवाज येतोय ना, मग आशा आहे. आता पोटावर हात ठेवून मी तेच आठवत होते. त्यांना निदान काहीतरी ऐकू येत होतं.

आत्यांना सांगायला माझं तोंड उघडेना. सांगितलं की ते खरं होईल असं वाटत होतं. मागच्या वेळी मी सांगितलं होतं, आणि नंतर सगळं झरझर झालं होतं. मी देवाचं नाव घेतलं, जे मी घेत नाही. मग मी एवढंच म्हणू शकले, "आत्या, हलत नाही."

त्यांनी दाराकडे बघितलं. फटीतून आत आलेली उन्हाची पट्टी फरशीवर पडली होती. त्या पट्टीला ओलांडून मला बाहेर न्यायचं होतं. आत्या उठल्या, डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि पिठानं माखलेला मोबाईल काढून माझ्या हातात दिला. "लाव त्याला. जीप आन म्हनाव."

जीप येईपर्यंत त्यांनी पेटीतली जाड गोधडी काढली. वैशाखाच्या उन्हात ती माझ्या डोक्यावरून पार पायापर्यंत पांघरली आणि वर छत्री धरली. अंगणातून जीपपर्यंत मला त्यांचे पाय तेवढे दिसत होते. त्या उन्हाच्या बाजूनं चालत होत्या. जीपमध्येही खिडकीकडे त्या बसल्या आणि काचेवर पदर ताणून धरला. दीर काही विचारायला गेले तशा म्हणाल्या, "पुढं बघ आन् हाक."

गोधडीत गुदमरायला होत होतं. मी आत पोट धरून बसले होते, आणि प्रत्येक खड्ड्याला वाटायचं, आता हललं. ते जीपचं हलणं होतं. कधीतरी आत्या बोलायला लागल्या. माझ्याशी की स्वतःशी, कळत नव्हतं.

"दिवाळीचं दिस हुते. सोनईकडं ऊस तोडत हुतो. तुझा नवरा पोटात, सातवा चालू. सकाळी सकाळी गिरान लागलं. पाखरं झाडावर बसली. बाया म्हनल्या, बस गं. मुकादम म्हनला, गाडी भरायचीय, समदं बसून कसं चालंल. म्या उठले. आभाळ मळकं झालं हुतं आन् म्या कोयता चालवत हुते. मोळ्या बांधल्या. डोक्यावरनं गाडीत टाकल्या. आन् दोन म्हयन्यांनी ह्याचं तोंड बघितलं." जीप खड्ड्यात आदळली. "म्हनून तुला बस म्हनले. तुला बसवलं आन् आता हे असं झालं. मंग म्या करू तरी काय?"

मला त्यांचा हात धरायचा होता. पण माझे दोन्ही हात पोटावर होते आणि ते काढायची माझी हिंमत नव्हती. ते काढले आणि नेमकं तेव्हाच हललं तर, असं वाटत होतं.

पाथर्डीत डॉक्टरबाईंनी गोधडी बघून कपाळाला हात लावला, पण माझा चेहरा बघितला आणि लगेच मला टेबलावर घेतलं. पोटाला थंडगार जेली लावून यंत्राचा दांडा फिरवायला लागल्या. यंत्रातून नुसती खरखर. त्या दांडा सरकवत होत्या, खरखर सरकत होती. आत्या दारात उभ्या. छत्री अजून उघडीच होती त्यांच्या हातात. डॉक्टरबाईंनी दांडा खाली, पार कुशीकडे नेला. खरखर. मी डोळे मिटले. माझ्या मनात एकच वाक्य फिरत होतं, कारण सापडत नाही, कारण सापडत नाही.

मग ते ऐकू आलं. जलद, बारीक, न थांबता, घोडं पळाल्यासारखं. डॉक्टरबाईंनी आवाज मोठा केला आणि खोलीभर तेच. "आहे की," त्या म्हणाल्या. "चांगलं आहे." मला रडू फुटलं. असं फुटलं की त्या म्हणाल्या, अगं पोट हलवू नको, मला मोजू दे.

मग बोलणी बसली, आणि ती बसायलाच हवी होती. आठव्या महिन्यात उपाशी? या उन्हात? बंद खोलीत? तू शिक्षिका ना? मी मान खाली घालून सलाईन लावून घेतलं. डॉक्टरबाईंनी गूळ आणि केळं खायला लावलं. केळं अर्धं झालं असेल तेवढ्यात बरगडीखाली एक सणसणीत लाथ बसली. मी आत्यांचा हात ओढून तिथं ठेवला. दुसरी लाथ त्यांना बसली. त्यांनी हात तसाच ठेवला आणि छत्री मिटली.

डॉक्टरबाई कागद लिहीत होत्या. आत्यांनी घसा साफ केला. "बाई, एक इचारू? सातव्या म्हयन्यात बाईनं कायी कापलं, तर लेकराचा ओठ कापतो का?"

डॉक्टरबाईंनी मान वर केली नाही. त्यांना रोज कुणी ना कुणी असलं काही विचारत असणार. "ओठ तिसरा महिना संपायच्या आत जुळून जातो, मावशी. नाही जुळायचा तर तेव्हाच नाही जुळत. सातव्यात तुम्ही उसाचा अख्खा फड कापला तरी ओठाला काय होणारे?"

"तिसऱ्याच्या आत?"

"हो."

"सातव्यात न्हाई."

"सातव्यात नाही हो." मग मात्र त्यांनी वर बघितलं, कारण आत्या खाली फरशीवर बसल्या होत्या. पाणी देऊ का, विचारलं. आत्या नको म्हणाल्या. त्या बोटांची पेरं धरून महिने मोजत होत्या, पुन्हा पुन्हा, आणि दर वेळी एकाच पेरापाशी थांबत होत्या.

मी सांगितलं होतं, ग्रहणानं असं होत नाही. पण त्यांचा सातवा होता हे जीपमध्ये कळेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. त्यांनी कुणाला सांगितलंच नव्हतं.

सलाईन संपल्यावर दुपारी आम्ही बाहेर आलो. ऊन रणरणत होतं. गोधडी दिरांच्या खांद्यावर होती, छत्री मिटलेली. जीपमध्ये मी पिठाचा मोबाईल पुसून नवऱ्याला लावला. तो कालपासून दोघींचे फोन लावून हैराण झाला होता. आधी ओरडला, मग मी सांगितलं ते ऐकून, बरं आहे ना, बरं आहे ना, एवढंच विचारत राहिला. मी म्हटलं, बरं आहे, आत्तासुद्धा लाथ मारतंय.

आत्यांनी हात पुढं केला. एरवी फोनवर त्या शेताच्या पलीकडून हाक मारल्यासारख्या ओरडतात. यावेळी त्यांनी फोन कानाशी अगदी जवळ धरला आणि मला जेमतेम ऐकू येईल असं बोलल्या.

"तुझा ओठ म्या न्हाई कापला रं."

पलीकडून त्याचा आवाज मला ऐकू आला. "कोन म्हनलं तू कापला?"

"म्याच म्हनत हुते," आत्या म्हणाल्या. "तू झाल्यापास्नं म्याच म्हनत हुते."